बासष्टचं पान

"मिस वर्डेल, यंदा तुमच्याच वर्षाचं पान!" लाखेची मोहर लावलेला लिफाफा नाचवत कॉलेजातल्या मुलींच्या भगिनीसंघाची तरुण अध्यक्ष टॅमरा म्हणाली. "बरोब्बर पन्नास वर्षं झाली की हो!"

वर्डेल पिंकनीनं हसून मान डोलावली आणि पांढऱ्या ड्रेसवर नसलेली सुरकुती हातानं सारखी केली.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेकनमधल्या कॉलेजच्या सभागृहात स्थापनादिनाचं जेवण चाललं होतं. शहरातल्या एकाही हॉटेलच्या पुढच्या दारानं आत जायची सोय नव्हती, त्या काळात नऊ काळ्या मुलींनी हा संघ काढला. म्हणून दर वर्षी नऊच नव्या मुली घ्यायच्या. स्थापनादिनी नऊ मेणबत्त्या लावायच्या. भगिनींनी पांढरं घालायचं, पाहुण्यांनी दुसरं काहीही. आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या निवडसभेच्या नोंदीचं पान लिफाफा फोडून सगळ्यांसमोर वाचायचं. त्यात कोण घेतली, कोण नाकारली, कशासाठी, सगळं असे. इतक्या वर्षांनी कोण मनाला लावून घेतंय, म्हणून आजवर त्यावर हशाच पिकायचा. तोवर पान चर्चच्या तिजोरीत. वाचायचा मान संघाच्या इतिहासकाराचा, म्हणजे गेली वीस वर्षं वर्डेलचा.

पहिल्याच टेबलाशी ओझेला टिबेट्स निळ्या ड्रेसमध्ये बसली होती. कॉलेजात दोघी एका खोलीत राहायच्या. ओझेला नर्स होऊन निवृत्त झाली, भगिनी मात्र झाली नाही. वर्डेल तिला दर वर्षी आग्रहानं बोलवायची, आणि ती दर वर्षी यायची. त्या बोलावण्यामागचं कारण वर्डेलनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"खा की गं," ओझेला केकची बशी पुढं सरकवत म्हणाली. "तोंड असं का केलंयस? मयताला आल्यासारखं!"

"भूक नाही."

"तुला? केकची भूक नाही? टॅमरा, डॉक्टरला बोलाव गं बाई!"

टेबल हसलं. वर्डेललाही हसावं लागलं.

ओझेलाचा बाप तुरुंगात होता. बासष्ट साली तिनं हे फक्त वर्डेलला सांगितलं होतं, रडत. एका खोलीतल्या दोघींना संघ कधीच घेत नाही, अशी तेव्हा कॉलेजात आवई होती. निवडीच्या दोन दिवस आधी वर्डेलनं तेव्हाची अध्यक्ष लुक्रेशिया हिला गाठलं आणि तिचे कान भरले. "असल्या घरातली मुलगी आपल्यात शोभेल का?" हे तिचे शब्द. आजही आठवले की तिला स्वतःची किळस यायची.

शनिवारी संध्याकाळी आठ मुलींना पत्रं आल्याचं कळलं. वर्डेलला आलं नाही. तिच्या आईनं तर आधीच पांढरा ड्रेस शिवून पाठवला होता, अख्ख्या चर्चमध्ये सांगूनही टाकलं होतं. वर्डेल उशीत तोंड खुपसून रडत बसली. ओझेलाच्याही हातात काही नव्हतं. ती थोडा वेळ बाहेर जाऊन आली आणि वर्डेलच्या ड्रेसची खालची कड मुडपून टाके घालू लागली.

"रडू नकोस. उद्या येईल तुझं पत्र. ड्रेस तेवढा लांब होता बघ."

रविवारी सकाळी खरंच आलं. पत्रं वाटणाऱ्या मुलीची चूक असणार, असं वर्डेलनं धरलं. लुक्रेशियानं मात्र शेवटपर्यंत तिला कधी मिठी मारली नाही.

नववी मेणबत्ती लागली. टॅमरानं लिफाफा वर्डेलच्या हाती दिला. पानावर ओझेलाच्या नावापुढं कारण असणार, आणि ते कुणी सांगितलं तेही. तेवढी ओळ गाळून वाचायची, असं वर्डेलनं आठवडाभर घोकलं होतं. तिनं समोर पाहिलं. ओझेला तिच्यासाठी केकचा तुकडा रुमालात बांधून ठेवत होती.

वर्डेलच्यानं राहवेना.

"हे फोडायच्या आधी मला काही सांगायचंय," ती म्हणाली. "ओझेला आपली भगिनी झाली नाही, ती माझ्यामुळे. तिनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी लुक्रेशियाच्या कानावर घातली. तिची जागा मी खाल्ली. पन्नास वर्षं तिला इथं बोलावते आणि तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही. लाज वाटते गं मला, ओझेला."

"मला ठाऊक आहे," ओझेला शांतपणे म्हणाली. "तेव्हापासून ठाऊक आहे. झालं ना बोलून? आता बस खाली. आणि ते पान राहू दे."

वर्डेलचे डोळे भरून आले. आपण इतकं वाईट वागूनही ही आपल्यालाच सावरतेय, या विचारानं तिची मान आणखी खाली गेली.

"राहू दे कसं, मिस ओझेला?" टॅमरा गडबडली. "पान वाचल्याशिवाय उठायचं नाही, असा नियम आहे."

"टॅमरा, ऐक माझं."

पण वर्डेलनं लिफाफा टॅमराकडे दिला. "वाच तू. सगळं वाच. माझी तीच शिक्षा."

टॅमरानं लाख फोडली आणि वाचू लागली.

"शनिवार. ओझेला टिबेट्स: एकमतानं मंजूर. वर्डेल पिंकनी: नामंजूर. जी सोबतिणीची चुगली करते, तिला भगिनी म्हणता येणार नाही."

टॅमरा थांबली. खाली वेगळ्या शाईत आणखी थोडं होतं.

"शनिवार, संध्याकाळ. ओझेला टिबेट्स स्वतः आली. तिला सगळं सांगितलं. तरी तिनं पत्र परत केलं. म्हणाली, माझी जागा वर्डेलला द्या, तिच्या आईनं ड्रेस शिवलाय."