शेवट तोडून बोल

"पुन्हा म्हण," शिंपी म्हणाला.

त्याच्या बायकोने तळहात पुढे धरलेलाच होता. "पाऊस थांबला की घरी येऽ."

लाकडी पट्टी सपकन बसली. हात आधीच सुजला होता, आता अंगठ्याखालची कातडी फाटली. तिने हात मागे घेतला नाही.

"येऽ नाही. ये. शेवट तोड. कापड तोडतो मी, तसा तोड."

"मी तेच म्हणतेय हो."

"हेल काढतेस."

"मला तो ऐकूच येत नाही. मी काय करूऽ?"

पट्टी पुन्हा बसली.

ती डोंगराकडची. सून म्हणून आली तेव्हा तिच्या बोलण्याची सगळ्यांना गंमत वाटायची. कपडे टाकायला आलेली गिऱ्हाइकं मुद्दाम काहीबाही विचारायची आणि तिचं उत्तर ऐकून हसायची. तीही हसायची.

आता गंमत संपली होती. काल गावातल्या टोळक्याने स्टेशनामागची डोंगरवाल्यांची वस्ती पेटवली. आधी घरांना बाहेरून कड्या घातल्या, मग रॉकेल ओतलं. शिंपी गेला नव्हता. शटर ओढून तो आत बसला होता, पण किंकाळ्या शटरला जुमानत नाहीत.

आणि आज दुपारी कान फाटलेला दूधवाला धावत आला. खिडकीशी क्षणभर थांबला. पुलाजवळ माणसं अडवताहेत, एक वाक्य म्हणायला लावताहेत, बोलणं ऐकून तिथल्या तिथे कोयता घालताहेत, एवढं सांगून तो पुढे पळाला. वाक्य तेवढं त्याने दोनदा म्हणून दाखवलं.

"मला माळ्यावर लपवा ना," बायको म्हणाली.

"लपलेलं माणूस सापडलं की मग विचारतसुद्धा नाहीत. म्हण."

शिंप्याची आई शटरच्या फटीला डोळा लावून बसली होती. ती एकदम मागे सरकली.

"शाळेचा शिपाई पडलाय गं बाई. गल्लीच्या तोंडाशीच. मान अर्धी..." तिने पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, "पण तो तर आपल्यातला. त्याला कुठला आलाय हेल?"

"भीतीने बोबडी वळली असेल," शिंपी म्हणाला. "म्हणून तर घोटून घेतोय. झोपेतून उठवलं तरी बरोबर आलं पाहिजे."

"आपल्याला नाही बाई असलं काही घोटावं लागत. आपण आपलं सरळ बोलतो."

सून ओल्या डोळ्यांनी हसली. "आमच्याकडे म्हणतात, हेल तुम्हालाच आहे. वाक्य संपलं की दार आपटल्यासारखं करताऽ."

शिंप्यालाही हसू येणार होतं. ते गिळून त्याने पट्टी उचलली. या वेळी मनगटाच्या हाडावर लागली. ती कळवळून खाली बसली, तसा तोही तिच्यासमोर बसला.

"हात मोडला तर जोडता येईल," तो म्हणाला. "गळ्याला टाका घालता येत नाही मला. म्हण."

"पाऊस थांबला की घरी ये."

तो थांबला. आईनेही मान वळवली.

"पुन्हा."

"पाऊस थांबला की घरी ये."

"आणखी एकदा. भांडल्यासारखं."

"पाऊस थांबला की घरी ये!"

त्याने पट्टी भिरकावली आणि तिचा रक्ताळलेला हात स्वतःच्या गालाला लावला. "झालं. आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

"आयुष्यभर असंच बोलायचं?" तिने विचारलं. सूर वर गेला नाही.

तेवढ्यात शटरवर काहीतरी लोखंडी आपटलं.

"मास्तर, उघडा. मी बेकरीवाला."

बेकरीवाला शेजारचाच. शिंप्याने शटर उचललं. दारात बेकरीवाला उभा होता, त्याचा पांढरा शर्ट छातीपर्यंत लाल. मागे तोंडाला फडकी बांधलेली पाच-सहा माणसं. कोयत्यांवरून अजून थेंब गळत होते. ती माणसं काही बोलत नव्हती.

'हाही त्यांना सामील झाला,' शिंप्याच्या मनात आलं. काल सकाळीच याच्याकडून पाव आणला होता.

"सगळ्यांनी भिंतीला लागायचंय," बेकरीवाला म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "एक वाक्य म्हणायचंय. पाऊस थांबला की घरी ये. आधी तुम्ही, आजी."

म्हातारी खणखणीत म्हणाली. शिंपी म्हणाला. फडकंवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आता वहिनी," बेकरीवाला म्हणाला. तो तिच्याकडे टक लावून बघत होता आणि अगदी बारीकशी मान हलवत होता. नाही, नाही. त्याला तिचं माहेर ठाऊक होतं. तिची कीव येतेय त्याला, असं शिंप्याला वाटलं, आणि त्या कीवेचा त्याला राग आला. थांब म्हणावं, आता ऐकच.

बायकोने दुखरा हात पोटाशी धरला. हनुवटी वर केली.

"पाऊस थांबला की घरी ये."

शेवट कसा तुटला! सूत इकडे ना तिकडे. शिंप्याचा ऊर भरून आला. तिने त्याच्याकडे पाहिलं, पहिला नंबर आलेल्या मुलीसारखं. बेकरीवाल्याने मात्र डोळे मिटून घेतले.

सगळ्यांत मागचा माणूस पुढे आला. तोंडावरचं फडकं खाली ओढून त्याने आधी बेकरीवाल्याच्या पोटात कोयता घातला, मग तो पहिल्यांदाच बोलला.

"तिघंही इथलीच आहेतऽ. काढा बाहेरऽ."