बरणीचं झाकण

परिसंस्था शिकवायला मी वर्गात काचेची बरणी ठेवली होती. तळाशी माती, वर पाणी, थोडं शेवाळ, दोन पाणवनस्पती आणि एक गोगलगाय. झाकण घट्ट बंद. पण मंगळवारपासून रोज मधल्या सुट्टीनंतर ते ढिलं झालेलं सापडायचं. गुरुवारी मी दबा धरून बसले आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीला मुद्देमालासकट पकडलं.

"किती वेळा सांगायचं गं? परिसंस्था म्हणजे काय, सांग बघू!"

"सगळे सजीव, आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा, उजेड, सगळं मिळून." उत्तर बरोबर होतं, पण बोटं झाकणावरून निघत नव्हती. "पण बाई, ती गुदमरेल ना?"

"अजिबात नाही. वनस्पती तिला हवा देतात, खायला शेवाळ आहे. बाहेरून फक्त उजेड लागतो."

"एकटीच असली तरी?"

"एकटीच असली तरी. चांगली महिनोन्महिने जगते. आता हात काढ, नाहीतर पालकांना बोलावून घेईन."

तिने पटकन हात काढला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला.

"मग आई पण जगेल, बाई. घरात नळ आहे, खिडकीत दोन कुंड्या आहेत, उजेडही येतो. सोमवारी मला आत्याकडे सोडायला निघताना बाबांनी फक्त बाहेरून कुलूप लावलंय."