बाणाची दुसरी बाजू

दशरथला ऑफिसात आणलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडी काळवंडून ताणलेली. त्याची बायको नंदा गेटवरच थांबली होती; ॲसिडच्या कारखान्यात नातेवाइकांना आत सोडत नसत. म्हणून गेटपासून ऑफिसपर्यंत शेवंतीने त्याला हाताला धरून आणलं. मुलुंडच्या या कारखान्यात शेवंती खोक्यांवर वरची बाजू दाखवणारे बाण मारायची आणि दशरथ ती खोकी रचायचा. पाच वर्षं हेच चाललं होतं.

सुपरवायझर श्यामकांतने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि टाइप केलेला कागद वाचून दाखवला. शनिवारी दशरथने ॲसिडच्या बाटल्यांचं एक खोकं उलटं ठेवलं. रविवारभर बुचांतून ॲसिड झिरपत राहिलं. सोमवारी टेम्पो भरताना त्याने ते वरच्या थरातून ओढलं, तेव्हा भिजून कुजलेला पुठ्ठा फाटला आणि बाटल्या त्याच्या तोंडावर आल्या. चूक त्याची स्वतःची. कारखान्याकडे त्याचं काही मागणं नाही.

"उलटं नाय ठेवलं मी," दशरथ म्हणाला. "बाण वर होता, साहेब. मला वाचायला दुसरं येतं काय? बाण तेवढा येतो."

श्यामकांतने शांतपणे सांगितलं की ते खोकं त्याच दिवशी पाण्याने धुऊन गटारात गेलं. त्या मालातली बाकीची एकोणचाळीस खोकी इन्स्पेक्टरने स्वतः पाहिली होती. सगळ्यांचे बाण बरोबर निघाले होते.

ते खोटं नव्हतं. इन्स्पेक्टर आला तेव्हा बाण बरोबरच होते.

खोकी घडी करून चपटी यायची. शेवंती पत्र्याचा साचा ठेवून एका बाजूवर काळे बाण मारायची, वाळले की गठ्ठा वहीचं पान उलटावं तसा आडवा उलटायची आणि दुसऱ्या बाजूवर मारायची. त्या आठवड्यात नवीन पिंपं आली होती. ती तिच्या टेबलाच्या दोन्ही अंगांना लावून ठेवलेली. आडवं वळायला जागा नव्हती. तिने गठ्ठा तव्यावरची भाकरी उलटावी तसा पुढच्या पुढे उलटला. वरचं टोक खाली आलं, ते तिच्या ध्यानात आलं नाही. चाळीस खोक्यांवर एका बाजूला बाण वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. भरणाऱ्याने एक बाजू बघून बाटल्या भरल्या. एकोणचाळीस खोक्यांची तीच बाजू दशरथसमोर आली. चाळिसाव्याची दुसरी आली, आणि तिच्यावरचा बाण वर यावा म्हणून त्याने ते खोकं फिरवून ठेवलं.

सोमवारी दशरथला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं, त्यानंतर तासाभरात श्यामकांतने तिच्यापुढे खळीचा डबा, कोरे कागद आणि तिचाच साचा आणून ठेवला होता. तो काही बोलला नाही. तिनेही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत तिने चुकलेल्या बाजूंवर कागद चिकटवून एकोणचाळीस खोक्यांचे बाण सुलटे केले होते.

"शेवंती, तू सांग ना," दशरथ म्हणाला. "बाण तूच मारतेस. सांग यांना, एकदा तरी उलटं ठेवलंय का मी?"

हे बोलताना त्याने मान कपाटाकडे वळवली होती. ती त्याच्या डाव्या हाताला उभी होती.

संपानंतर तिच्या नवऱ्याची गिरणी उघडलीच नव्हती. राजाराम दोन वर्षं घरी होता, आणि घरात खाणारी पाच तोंडं होती. तरी आज गेटवर नंदाला सगळं सांगून टाकायचं असं ठरवून ती आली होती. पण नंदाने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, आत तुझ्याशिवाय आमचं कोण आहे गं. त्यानंतर तिला तोंड उघडता आलं नव्हतं.

श्यामकांतने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो चहावरची साय बोटाने काढत होता.

"बाण बरोबर होते," शेवंती म्हणाली.

दशरथ हसला. हसताना ताणलेली कातडी दुखली असावी, कारण त्याने हात गालाकडे नेला आणि मध्येच थांबवला.

"म्हणजे मी आधीपासूनच आंधळा होतो म्हणायचं."

श्यामकांत म्हणाला, असं बोलू नकोस, मालकांचं तुझ्याकडे लक्ष आहे, बरा झालास की गेटवर बसवू. हे कागदात कुठे नव्हतं. गेटवर बसून आपण काय बघणार, हेही दशरथने विचारलं नाही. त्याने फक्त सही कुठे करायची ते विचारलं.

श्यामकांतने शाईचं पॅड पुढे सरकवलं. दशरथने ते चाचपलं आणि बाजूला केलं.

"अंगठा नको. सही येते मला. नंदाने शिकवलीय."

पेन हातात आल्यावर त्याने कागदाच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. चारही सारख्याच लागल्या.

"शेवंती, कागद सुलटा आहे ना गं? नायतर नाव उलटं पडायचं."

तिने कागद पाहिला. सुलटा होता.

"आहे," ती म्हणाली, आणि त्याचं बोट धरून ओळीवर नेऊन ठेवलं.

दशरथने चार अक्षरं सावकाश काढली. एकही ओळीखाली उतरलं नाही.