मापाचा ब्लाऊज

जनवाड्यात बायकांसाठी पहिलं शिलाईचं दुकान काढणारी गुरम्मा आता मशीनवर बसली की कण्हायची. राजूबाई लेकाच्या दुसऱ्या लग्नाचं कापड घेऊन आली, वर मापाला जुना ब्लाऊज. गुरम्मानं स्वतःची शिलाई ओळखली. हा पहिल्या सुनेचा, श्रावणात वारलेल्या. लग्नात भरल्या अंगाला शिवलेला, पुढं दर सणाला टिपा मारून बारीक केलेला. पोरच वाळत चालली होती. "नव्या नवरीचं माप आण की, राजूअक्का." "कशाला? आमच्या घरात आली की तेवढीच होतीय." गुरम्मानं चष्मा काढून डोळे चोळले. एवढ्या वर्षांत ती गिऱ्हाइकाला उलट बोलली नव्हती. "पोरगी कुठली?" "करजगीची. कामून?" गुडघ्यावर हात टेकत गुरम्मा उठली. टेप गळ्यातच होता. ब्लाऊज घडी करून पिशवीत घातला, शटर ओढलं. "मीच जायलेय मापाला. ह्यो ब्लाऊज तिच्या आईला दाखवून येते."