तांब्याकडे गेलेला हात

"हे परमकृपाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या," येथवर माझी प्रार्थना बिनचूक आली. चर्चचे पाळकसाहेब परगावी गेल्याने रूथआजींच्या आजारपणातील घरसभेत प्रार्थनेचा मान प्रथमच मज सातवी शिकलेल्यास लाभला होता. खाटेभोवती मंडळी नेत्र मिटून बसली होती. शब्द चुकला तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, या धास्तीने मी एकेक शब्द तोलून उच्चारत होतो.

तोच खाट करकरली. मी एक डोळा किलकिला केला. आजींचा थरथरता हात उशाजवळच्या तांब्याकडे जात होता, परंतु पोहोचत नव्हता. पाठ केलेली वाक्ये अजून पुष्कळ उरली होती. थांबलो, तर सारे हसतील!

तरीही मी थांबलो. "अडकलं गाडं," कोणीतरी कुजबुजले. आजींची मान उचलून मी तांब्या त्यांच्या ओठांशी धरला. त्या घटाघटा प्यायल्या.

"कवाची तहान लागली व्हती, लेकरा," त्या हळूच म्हणाल्या. "पन तू देवासंगं बोलत व्हतास. मधी कसं बोलावं?"

पुढचे एकही वाक्य मला आठवेना. ओले ओठ पदराने पुसत आजीच म्हणाल्या, "आमेन!"