चित्राचं वय

किशननं फ्रेमच्या मागचे खिळे एकेक करून काढले, काच बाजूला ठेवली आणि चित्र टेबलावर पसरलं. समोरच्या खुर्चीत राजाबाई बसल्या होत्या. त्या चित्राकडं बघत नव्हत्या, किशनकडं बघत होत्या.

चित्र कालियामर्दनाचं होतं. शिळाछापाचं, वर हातानं रंगवलेलं, सासऱ्यांच्या काळापासून घरात असलेलं, असं राजाबाईंनी फोनवर सांगितलं होतं. बेळगावात खडेबाजारात जुनी चित्रं दुरुस्त करणारा एक माणूस आहे हे आपल्याला कुणाकडून तरी कळलं, असंही त्या म्हणाल्या होत्या. म्हणून त्यांनी त्याला निपाणीला बोलावून घेतलं होतं.

त्यांचे यजमान आण्णाप्पा मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. आता मुलगा स्वरूप रविवारी येऊन आईला पुण्याला नेणार होता. घर विकलं गेलं होतं. दोन बॅगांत मावेल तेवढंच घे, असं त्यानं बजावलं होतं. त्याआधी या चित्राचं खरंखोटं कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

चित्रं म्हातारी कशी होतात, असं त्यांनी सहज विचारलं आणि किशनची कळी खुलली. एरवी दुकानात दिवस-दिवस त्याच्याशी कुणी बोलत नसे. बावीस वर्षांत अशी शेकडो चित्रं त्याच्या हाताखालून गेली होती, पण स्वतःचं म्हणून एकही नव्हतं.

त्यानं सांगितलं, की लाल रंग उजेडानं उडतो, पण फ्रेमच्या पट्टीखाली दडलेली कड ताजी राहते. हिरव्यात तांबं असतं, ते हळूहळू कागद खातं आणि पाठीमागं तपकिरी डाग उमटतो. मागं लाकडाची फळी असेल तर तिच्या रेघा कागदावर चढतात. हातानं रंगवलेल्या चित्रात रंग कुठंतरी रेषेबाहेर गेलेला असतोच, त्यामुळं एकासारखं दुसरं चित्र सापडत नाही. राजाबाई मान हलवत ऐकत होत्या. मधूनच त्यांनी विचारलं, की अशी चित्रं तुमची असती तर कशी ठेवली असती? दोन चित्रांमध्ये सुती कागद घालून, अंधारात, कोरड्या जागी, असं तो म्हणाला. आणि महिन्यातनं एकदा तरी उघडून बघितली असती.

मग त्यानं भिंग लावलं आणि तो बोलायचा थांबला.

कृष्णाच्या शेल्यात रंगाचा फराटा नव्हता. लाल, पिवळे, निळे, काळे असे बारीक ठिपके होते, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. पट्टीखालची कड मधल्या भागाइतकीच फिकी होती. त्यानं चित्र उलटलं. हिरव्या नागाच्या मागचा कागद कुठंही जळलेला नव्हता. सगळीकडं एकसारखा पिवळेपणा होता. चित्र फार तर वीस वर्षांपूर्वी यंत्रावर छापलेलं होतं आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं होतं. कुणीतरी खरं चित्र काढून नेऊन हे इथं अडकवलं असणार.

"काय दिसलं?" राजाबाईंनी विचारलं.

"बघतोय, आक्का."

"वाईट वाटंल म्हणून काय लपवू नका. जे हाय ते सांगा."

किशनला आपली आई आठवली. हिंडलग्याच्या घरात तिच्या खाटेसमोर यल्लम्माचं एक चित्र होतं. ते आपल्या आजीच्या वेळचं आहे असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. एकदा त्यानं ते हातात घेतलं आणि कॅलेंडरचं पान आहे म्हणून सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते भिंतीवरनं उतरवलं. ती गेली तोवर त्या जागी नुसता खिळा होता. दोन वर्षं झाली, तो त्या खोलीत झोपत नव्हता.

त्यानं भिंग खाली ठेवलं.

"खरं हाय, आक्का. शंभर वर्सांवरचं आसंल."

"नक्की?"

"नक्की."

राजाबाईंनी मान खाली घातली. पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत राहिल्या. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"तुमाला एवढं कळतंय, म्हंजे बरोबरच आसंल," त्या म्हणाल्या.

किशननं चित्र पुन्हा फ्रेममध्ये बसवलं. पुण्यात ते उन्हाच्या भिंतीला लावू नका, असं सांगितलं. चहा घेतला आणि तो निघाला. बेळगावच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. परक्या शहरात, परक्या भिंतीवर त्या बाईला निदान आपलं म्हणून काहीतरी असेल, असं त्याच्या मनात आलं. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

इकडं राजाबाई माजघरात गेल्या. त्यांनी ट्रंक उघडली आणि वरचा सुती कागद बाजूला केला. खाली छत्तीस चित्रं होती. पहिल्या चित्रातल्या लक्ष्मीच्या लुगड्याचा लाल रंग नुकताच दिल्यासारखा होता आणि एका जागी तो रेषेबाहेर गेला होता. झाकणाच्या आत मास्तरांनी लिहिलेली, जुन्या चित्रांच्या सहा जाणकारांच्या नावांची चिठ्ठी चिकटवलेली होती. पाच नावं खोडलेली होती. त्यांनी सहावं, किशनचं, खोडलं. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. शेवटच्या आजारपणात आण्णाप्पा मास्तरांनी अंथरुणावर बसून ते कालियामर्दन चहात बुडवलं होतं, वाळवलं होतं, आणि राजाबाईंच्या हातात देऊन ते म्हणाले होते, "हे खोटं हाय म्हणून जो तुझ्या तोंडावर सांगंल, त्याला ही समदी दे."