बंदचं बटण

अण्णांच्या छातीत बसवलेली बॅटरी डॉक्टरांनी अंत्यविधीआधी काढून दिली. चितेत ती फुटते म्हणे. तिच्या तारा मेंदूपर्यंत गेलेल्या होत्या. कंपवाताने थरथरणारे हात त्यामुळे थांबले, पण जीभ जड झाली.

“उमा, पाचच मिनिटं बंद कर. नीट बोलायचंय,” अण्णा लेकीला बोबड्या शब्दांत विनवत.

“तुमचे हात बघवत नाहीत मला,” म्हणत ती बॅटरीचा रिमोट कपाटात ठेवून देई.

तेराव्याला तिचा भाऊ वरद म्हणाला, “ताई, ती बॅटरी नि रिमोट देऊन टाक आता हॉस्पिटलला.”

तो पाहुण्यांना बदलापूर स्टेशनवर सोडायला गेला. उमाने बॅटरीवर रिमोट धरला आणि पहिल्यांदाच बंदचं बटण दाबलं.

अण्णांची रिकामी खुर्ची थडथडू लागली.

“हं,” खुर्चीतून स्वच्छ, न अडखळणारा आवाज आला, “आता ऐक.”